रहदारी नाही

भांडुप, ४ नोव्हेंबर १९५६

दशरथमामांना नंदूचा साष्टांग नमस्कार.

मामा, खुशाली शेवटी लिहितो, आधी काम. क्लेटन टाइल्सनं नोटीस लावली आहे. एक फेब्रुवारीपासून साइडिंगच्या रुळांवरचं फाटक बंद. नुसतं बंद नाही, तिथे भिंत येणार. कौलं आता लॉरीनं जातात. वॅगन महिन्यातून दोनदा येते, ती पण अर्धी रिकामी. म्हणून रूळ उखडून त्या पट्ट्यावर गोदाम बांधायचं म्हणतात. बांधा ना! पण आमची चाळ साइडिंगच्या या अंगाला, कारखाना त्या अंगाला आणि मधे ते एकच फाटक. भिंत आली की आग्रा रोडवरून वळसा, नुसतं जायला वीस मिनिटं. जेवणाची सुट्टी अर्धा तास. आईच्या खानावळीतले चाळीस गडी येणार कधी, जेवणार कधी आणि भोंग्याला परत पोचणार कधी?

बाबा गेल्यावर तुमच्या बहिणीनं ही खानावळ उभी केली, तिच्यावर मी बी.ए. झालो. आता फोर्टात कारकून आहे, घर चालेल. पण हे आईला सांगून बघा. ती म्हणते, "चूल विझली की मी दिवसभर काय करू, तुझ्या पॅण्टी इस्त्री करू?"

चाळ कमिटीनं मला सेक्रेटरी केलंय, कारण इंग्रजीत अर्ज दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही. बारा जानेवारीला चौकशी आहे. सरकारी साहेब म्हणतात, वीस वर्षं लोकांची त्या फाटकातून वहिवाट होती हे शाबीत करा, भिंत थांबवतो. आता त्या फाटकावर बावीस वर्षं कोण बसलं होतं? तुम्हीच ना! तेव्हा तीन प्रश्न. साइडिंग कधी पडली? फाटक कधी बसलं? आणि लोक तिथून कधीपासून ये-जा करतात? तीन ओळी लिहा, खाली सही करा. उलट टपाली हवं.

सुगंधाला आणि तिच्या बाळाला आशीर्वाद. आम्ही ठीक.

नंदू

•

मरोळ, १९ नोव्हेंबर

चि. नंदूस आशीर्वाद.

तुझे पत्र पोचून दिवस झाले. गुडघ्यांमुळे लिहिणे राहिले.

साइडिंग अठ्ठावीस साली पडली. आधी तिथे भातखाचरे होती. माती खाडीतून पडावाने यायची, मग बैलगाडीने, पण कौले मंगलोरसारखी काढायची तर कोळसा पाहिजे आणि कोळसा यायचा वॅगनने. म्हणून भांडुप स्टेशनातून रूळ आणले. इंजिन उलटे यायचे, वॅगन पुढे ढकलीत. आम्ही वेंगुर्ल्याकडची पोरे पहिल्या दिवशी नुसती बघत उभी राहिलो, तर मुकादमाने चार शिव्या दिल्या. तुझ्या बापाने त्याला पाचवी परत दिली. फाटक त्याच साली बसले. सागवानी होते, पुढे लोखंडी आले. एकदा मुलुंडकडून सुटलेली म्हैस त्याला अशी धडकली की बिजागरी वाकली, ती मी स्वतः सरळ केली. तुझ्या आवशीने त्या दिवशी मला कुळथाची पिठी दिली होती. अजून करते काय तशी? तिला सांग, पाठीला तेल लावीत जा.

फाटकाचे विचारतोस तर फाटक म्हणजे फाटक.

दशरथ

(कडेला, उभं लिहिलेलं) नंदू, गुडघ्यांचं खरं मानू नकोस. रोज पहाटे पवईपर्यंत चालत जाऊन परत येतात. — सुगंधा

•

भांडुप, २४ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. म्हशीबद्दल आभार.

मी तीन प्रश्न विचारले, तुम्ही दोनांचीच उत्तरं दिलीत. ज्याच्यावर सगळं अडलंय तो तिसरा प्रश्न तुम्ही कुळथाच्या पिठीत बुडवलात. "फाटक म्हणजे फाटक" हे मी सरकारी साहेबांना इंग्रजीत कसं सांगू?

मला वाटतं, तुम्ही रागावला आहात. सुगंधाच्या बाळाच्या बारशाला मी म्हणालो होतो, "गेटमनचं काम काय, उघडायचं-लावायचं," ते तुम्हाला लागलं. मामा, मी गंमत केली होती. माफ करा. आणखी काय करू, मरोळला येऊन कान धरू? येतो ना. पण कसं येऊ तेही सांगा. तुमचं मरोळ आमच्या डोंगराच्या पाठीमागे, इथून ओरडलं तर तिथल्या कोंबड्या उठतील. पण यायचं म्हटलं की भांडुपहून दादर, दादरला पूल चढा, गाडी बदला, मग अंधेरी, मग टांगा. अख्खा रविवार गेला. आपलं टपालही तसंच. माझं पत्र आधी फोर्टात जातं, जिथून मी संध्याकाळी दमून परत येतो, आणि मग तुमच्याकडे. कोणी आखलं हे सगळं? प्रत्येक कारखान्याला स्टेशनापर्यंत रूळ आहेत, माणसाला शेजारच्या गावाला जायला रस्ता नाही.

असो. एक झकास बातमी. तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल, असं काहीतरी मी शोधून काढलंय. फाटकावर रोजचं रजिस्टर असायचं, आठवतं ना? तुम्हीच लिहायचात, मी लहानपणी तुमच्या मांडीवर बसून बघितलंय. बावीस वर्षांची रजिस्टरं कंपनीच्या दप्तरात असणार. मी काल अर्ज ठोकला की कंपनीनं ती सगळी चौकशीत हजर करावीत. तुमच्या हस्ताक्षरात, मामा! कंपनीच्याच कागदावर! त्यांचा वकील काय तोंड करतो बघू.

नंदू

•

मरोळ, ३ डिसेंबर

नंदू,

हे पत्र बाबांना न सांगता लिहितेय, आमचे हे छापखान्यात जाताना पेटीत टाकतील.

बारशाचं ते तुझं बोलणं बाबांच्या लक्षातसुद्धा नाही. तुला उगाच वाटतं की सगळं जग तुझ्या वाक्यांवर रागावतं. पण तुझं पत्र आलं ते मीच वाचून दाखवलं. म्हशीपाशी हसले. दादर आलं तेव्हा "पोरगा बरोबर बोलतो" म्हणाले. रजिस्टर आलं तशी बशीतला चहा बशीतच राहिला. उठून बाहेर गेले ते दुपारी जेवायलाच आले.

रात्री मी सरळ विचारलं, "बाबा, रजिस्टरात काय आहे?" तर म्हणाले, "वॅगनी." आणि कंदील बारीक केला. तू जरा सबुरीनं घे. तुला सवय आहे, कोणी गप्प बसलं की आणखी मोठ्यानं विचारायची.

आत्येला नमस्कार.

सुगंधा

•

मरोळ, ६ डिसेंबर (पोस्टकार्ड)

चि. नंदूस आशीर्वाद. रजिस्टरे मागवू नको. वाळवी लागली असेल. तब्येतीस जप.

दशरथ

•

भांडुप, ११ डिसेंबर

मामा, नमस्कार.

वाळवी लागलेली नाही. मी काल ऑफिसातून रजा टाकून कंपनीत गेलो. हेडक्लार्कनं दुरून दाखवली, लाल फडक्यात बांधलेली गाठोडी, एकावर एक, छान कोरडी. वीस तारखेला वाचायला देणार आहेत. बरं, हेडक्लार्क हसत होता. "घ्या ना, घ्या, अवश्य वाचा," म्हणाला. चहा पण दिला! वेडा आहे की काय?

तुमचं मला काही समजत नाही. आयुष्यभर एक काम चोख केलंत, निवृत्तीला साहेबानं सर्टिफिकेट दिलं, ते तुम्ही भिंतीवर टांगलंय. आता त्याच कामाचा उपयोग व्हायची वेळ आली तर तुम्ही वाळवीची आशा धरून बसलात! इथे आई रोज विचारते, "दादाचं पत्र आलं?" मी सांगतो, आलं. "काय म्हणतो?" मी सांगतो, तुला पाठीला तेल लावायला सांगतो. ती लावते पण!

बारा जानेवारीला तुम्ही इथे हवेत. पोस्टकार्ड नको, माणूस हवा. गुडघ्यांची खरी हकीकत मला कळली आहे.

नंदू

•

भांडुप, २१ डिसेंबर

मामा,

काल वाचली रजिस्टरं.

चार रकाने. तारीख. वॅगन आत. वॅगन बाहेर. चौथा, सार्वजनिक रहदारी. आणि त्या चौथ्या रकान्यात रोज, बावीस वर्षं, रविवार धरून, तुमच्या वळणदार अक्षरात एकच: नाही. नाही. नाही. पानं उलटून उलटून माझं बोट काळं झालं. हेडक्लार्कनं दुसरा चहा दिला.

रोज सकाळी दोनशे माणसं तुमच्या नाकासमोरून कामाला जात होती. बायका पाण्याला जात होत्या. मी शाळेत जात होतो, तुम्हीच माझं दप्तर धरून मला रुळावरून पलीकडे ठेवायचात! आणि मग केबिनीत जाऊन लिहायचात, रहदारी नाही. मी कोण होतो? वॅगन?

मी एक तारीख शोधली. नऊ मार्च त्रेचाळीस. बाबांना त्या फाटकातून नेलं. मी दहा वर्षांचा होतो, मडकं माझ्या हातात होतं, अख्खी भट्टी काम टाकून मागे चालली होती आणि पुढचा उजवा खांदा तुमचा होता. तारखेसमोर काय आहे सांगू? वॅगन आत चार. वॅगन बाहेर तीन. सार्वजनिक रहदारी: नाही.

खाली तुमची सही आहे.

बरं, ही रजिस्टरं आता चौकशीत जाणार, कारण ती हजर करा म्हणून अर्ज कोणी केला? मी! कंपनीला ती शोधायचंसुद्धा सुचलं नव्हतं. तुम्हाला नोव्हेंबरातच माहीत होतं. एक ओळ लिहिली असती, "नंदू, मी खोटं लिहिलंय," तर मी अर्ज केला नसता. त्याऐवजी तुम्ही मला वाळवी पाठवलीत. वाट लागली आमची, मामा. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

नंदकिशोर

•

मरोळ, २ जानेवारी १९५७

चि. नंदूस,

तू खाली पुरे नाव लिहिलेस ते बघितले. रागाव, पण वाच.

माझ्या आधी त्या फाटकावर अनंत म्हणून होता, आमच्याच बाजूचा. नवीन होता, खरे लिहायचा. कंपनीने रेल्वेला लिहून दिले होते की फाटक फक्त वॅगनीसाठी, रस्ता म्हणून नाही. म्हणून तो चौथा रकाना. महिन्याच्या शेवटी साहेब बघून सही करी. एक महिना अनंताने रोजचे लिहिले, गडी इतके, बाया इतक्या. साहेबाने ते बघितले आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. अनंताला भट्टीवर धाडले.

कुलूप आठ दिवस होते. लोक वळसा थोडाच घालतात? रुळावर उभ्या असलेल्या वॅगनीच्या खालून जाऊ लागले. आठव्या दिवशी विमला म्हणून एक पोर, बापाची भाकरी घेऊन खालून जात होती आणि इंजिनाने धक्का दिला. जगली. पाय गेला. मी तिथे होतो, मी उचलली तिला.

मग मला फाटकावर बसवले. साहेब म्हणाला, दशरथ, रहदारी नको आहे. मी म्हणालो, नाही होणार साहेब. कुलूप काढले. त्या दिवसापासून लोकांसाठी फाटक उघडायचे आणि रकान्यात 'नाही' लिहायचे. एक दिवस जरी खरे लिहिले असते तरी परत कुलूप. मी 'नाही' लिहीत होतो म्हणूनच फाटक बावीस वर्षे उघडे राहिले. पोरांना हात धरून पलीकडे ठेवायचो ते एवढ्यासाठीच. यातले कोणाला बोललो नाही. चाळीत एकाला सांगितले की दहांना कळते आणि अकरावा साहेबाचा माणूस असतो.

तुला नोव्हेंबरात लिहायला पाहिजे होते. चार वेळा बसलो. शाळामास्तराला सांगितल्यासारखे वाटायचे, की मी खोटे लिहिले. तू माझ्या मांडीवर बसून त्याच रजिस्टरात बघून 'ह' काढायला शिकलास. फाडले कागद.

नऊ मार्चचे काय सांगू. आपण परत आलो. तुला आवशीजवळ बसवले. मी आंघोळ केली आणि केबिनीत गेलो. रकाना मोकळा ठेवता येत नव्हता, महिनाअखेर साहेब विचारणार, हा दिवस कोरा का? तुझ्या आवशीला, रत्नाला, हे ठाऊक नाही. तिच्यासमोर हे यायला नको होते.

बाराला येतो. सरकारी साहेबासमोर सांगतो काय ते.

दशरथ

•

भांडुप, १३ जानेवारी

सुगंधा,

तुझे बाबा सुखरूप आहेत आणि आत घोरताहेत, हे आधी. आता ऐक.

ते काल सकाळी दहालाच हजर, कोट घालून. चौकशी शाळेच्या वर्गात होती. साहेब मास्तरांच्या खुर्चीवर आणि आम्ही सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन. मामांना उभं केलं. त्यांनी अनंतापासून सगळं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि म्हैस नाही, पिठी नाही! मी दोन महिने ज्याच्यासाठी डोकं आपटलं तो माणूस तिथे असा सरळ बोलला की मला त्याचाही राग आला.

मग कंपनीचा वकील उठला. "बावीस वर्षं खोटं लिहिणारा माणूस आज खरं बोलतोय, हे कशावरून?"

मामा म्हणाले, "वकीलसाहेब, खोटं लिहायला मला पगार होता. आज कोण देतंय?"

वर्ग हसला. सरकारी साहेबसुद्धा हसले. मला वाटलं, जिंकलो! पण वकील तयारीचा. त्यानं त्रेचाळीसचं रजिस्टर उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाला, सेक्रेटरींनी वाचताना ह्या पानावर खूण केलीय. केली होती गं मी. पेन्सिलीनं, रागात. त्यानं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "ह्या दिवशी काय झालं होतं?"

मामांनी कोटाचं वरचं बटण लावलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मामांनी सांगितलं. "माझ्या मेव्हण्याला नेलं. मी खांदा दिला. आणि मग हे लिहिलं."

आई शेवटच्या बाकावर होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, समजलं? तुम्ही दोघं बापलेक सोडा, मी पण तसाच निघालो. ती उठली, पदर सारखा केला आणि गडी जेवायला यायची वेळ झाली म्हणून घरी गेली. भात लावला. मामांना वाढलं, सगळं व्यवस्थित, पण बोलली नाही. आज पण नाही.

निकाल पंधरा दिवसांत. साहेब निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचे मामा खरं बोलताहेत, मला पटतं. पण माझ्यासमोर आठ हजार 'नाही' लिहिलेत आणि एक 'हो' बोललेला आहे." मी त्यांचे कागद गोळा करून हातात दिले. बी.ए. आहे म्हणे मी.

नंदू

•

मरोळ, १८ जानेवारी

नंदू,

बाबांना सांग, इकडची काळजी करू नका आणि आत्ये बोलेपर्यंत तिथून हलू नका. इथे येऊन ते परत पवईपर्यंत फेऱ्या मारत बसतील, मला नको.

आणि तू आत्येला समजावायला जाऊ नकोस. गप्प बसायचं. जमेल?

सुगंधा

•

भांडुप, २ फेब्रुवारी

सुगंधा,

निकाल आला, विरुद्ध. "लेखी पुराव्यावरून सार्वजनिक वहिवाट शाबीत होत नाही." काल सकाळी गवंडी आले, संध्याकाळी भिंत माझ्या छातीपर्यंत. काल जेवायला किती आले? सहा. धावत आले, धावत गेले, एकाला रस्त्यातच ओकारी झाली. आईनं उरलेला भात चाळीत वाटला आणि पातेली घासून पालथी घातली, सगळी, मोठीसुद्धा. एरवी मोठं पातेलं कधी पालथं नसतं.

मी वरच्या साहेबांकडे अपील करतोय. मसुदा लिहायला घेतला तर मामा म्हणतात, "लिही, पण भिंत काय मसुदा वाचत नाय." ह्या माणसानं बावीस वर्षं लिहून लिहून माझी केस बुडवली आणि आता मला सांगतोय लिहिण्यात काही नाही!

तुझ्या सांगण्याप्रमाणे गप्प आहे. आई मामांशी अजून बोलत नाही. वाढते, "नंदू, विचार त्यांना, आणखी भात हवा का," असं माझ्यामार्फत. मी घरातला तारवाला झालोय.

नंदू

•

भांडुप, ११ फेब्रुवारी

सौ. सुगंधास आशीर्वाद.

मी अजून काही दिवस हयसरच आहे. कारण सांगतो.

तीन तारखेला सकाळी उठलो तर तुझी आत्ये पातेली सरळ करीत होती. मला वाटले चाळीत कोणाचे लग्न. तिने तांदूळ निवडायला घेतले. नंदू अपिलाचा कागद घेऊन फोर्टात गेला. मी खाली जाऊन भंगारवाल्याकडची हातगाडी मागून आणली. गडी इकडे येऊ शकत नाहीत तर जेवण तिकडे जाईल, एवढे साधे. रत्नाने पातेली गाडीवर चढवली, फडकी बांधली, स्वतः मागून ढकलायला लागली. मी पुढे. आग्रा रोडवरून. लॉऱ्या अंगावर येतात, ड्रायव्हर शिव्या देतात. कंपनीचा वॉचमन गाडी आत सोडीना, म्हणून बाहेर पिंपळाखाली लावली. पहिल्या दिवशी अकरा जण आले. उभ्यानेच जेवले. भात गार झाला होता, कोणी बोलले नाही. काल सव्वीस आले.

संध्याकाळी नंदूला सांगितले तर तो कपाळाला हात लावून बसला. म्हणतो, तीन महिने मी सरकारला लिहितोय आणि हे कोणालाच सुचले नाही? मी म्हटले, तू विचारले नाहीस. त्यावर जेवलाच नाही. अपील मात्र टाकले आहे.

आज वळणावर एक लॉरी अगदी चिकटून गेली. मी गाडी डावीकडे ओढली, चाक खड्ड्यात गेले. तर मागून रत्ना ओरडली, अख्ख्या रस्त्याने ऐकले, "दादा, खंय घालतंस गाडी? डोळे खंय आसत तुझे? आमटी सांडली मरे!"

ती माझ्याशी बोलून महिना होत आला होता. मी गाडी धरून तसाच उभा राहिलो. ती म्हणाली, "उभो काय ऱ्हवलंस? भोंगो वाजतलो, चल."

दशरथ